रिकाम्या वाफ्यावरची झारी

मित्रांनो, मी जस्ती पत्र्याची झारी आहे. जुनी म्हणावी इतकी जुनी. माझी तोटी जरा वाकडी आहे आणि बुडाला डाग दिलेला आहे. रंग मला कधीच नव्हता, त्यामुळे तो उडाला अशी तक्रार मी करू शकत नाही.

मिशिगनच्या उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी, तांब्याच्या खाणीचं एक गाव आहे. तिथे आर्वो निस्काला नावाचा तरुण खाणीच्या कारखान्यात पत्र्याचं काम करायचा. खाली खाणीत हवा नेणारे जाड नळ तो बनवायचा. एका हिवाळ्यात उरलेल्या तुकड्यांतून त्याने मला बनवलं. पत्रा कापला, वाकवला, कडा दुमडल्या, सांध्यांना डाग दिले. तोंडाच्या जाळीला त्याने खिळ्याने भोकं पाडली, पण ती सारखी पडली नाहीत. त्याला लेंपी नावाच्या मुलीला काहीतरी द्यायचं होतं, आणि तो फुलांचा ऋतू नव्हता.

लेंपीने मला हातात घेतलं, पाणी भरलं आणि अंगणातल्या बर्फावर ओतून पाहिलं.

"ही डावीकडे थुंकते," ती म्हणाली.

"मग तू उजवीकडे उभी राहा," आर्वो म्हणाला.

त्याच जूनमध्ये त्यांचं लग्न झालं.

आमच्याकडे उन्हाळा येतो तो उशिरा आणि थोड्या दिवसांसाठी. मे महिन्यात बर्फ भिंतीच्या सावलीत सरकून बसतो आणि ओल्या मातीतून रुबार्ब नावाच्या आंबट भाजीची लाल डोकी वर येतात. मग वाटाणा, मुळा, शेपू. टोमॅटोचं बी मात्र लेंपी एप्रिलमध्येच कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पेरायची आणि डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. जून लागल्याशिवाय ती रोपं बाहेर काढायची नाही. टोमॅटोच्या कडेने झेंडू, कुंपणावर वाटाण्यासारखीच पण सुगंधी फुलांची वेल आणि दाराशी पिओनीची झुडपं. पिओनीचं फूल म्हणजे मुठीत न मावणारं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं. पाऊस पडला की ते आपल्याच वजनाने जमिनीला टेकायचं.

आर्वोला बागेतलं काही कळत नसे. तो हातपंपावर मला भरायचा आणि लेंपी हनुवटीने दाखवेल तिथे ओतायचा.

"पानांवर नको रे, बुडाशी घाल," ती ओरडायची. "तुझ्या डोक्यावर कोणी गार पाणी ओतलं तर आवडेल का?"

"दर शनिवारी सौनात वाफ घेऊन बाहेर आलो की तूच ओततेस."

शेजारी व्हर्ना ट्रेझोना राहायची. तिचा नवराही खाणीत होता, तो लवकर गेला. बटाटा, सलगम आणि मांस भरून ती वीतभर लांबीच्या खमंग करंज्या करायची आणि कुंपणावरून द्यायची. बदल्यात तिला लेंपीचा वेलचीचा पाव मिळायचा, आणि वर बोलायला माणूस.

"तुझे वाटाणे माझ्याआधी कसे काय येतात गं?" ती विचारायची. "त्या झारीत घालतेस तरी काय?"

"आर्वोचा घाम," लेंपी म्हणायची.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. मग रबरी नळी आली. नळाला जोडली की बसल्या जागेवरून बागेला पाणी. माझी काही तक्रार नव्हती. आर्वोने मला सौनाच्या मागच्या लाकडांच्या खोपटात खिळ्याला टांगलं. माझ्या पोटात गांधीलमाश्यांनी घर केलं, सोडलं, पुन्हा केलं. त्यांची मुलगी सायमा मोठी होऊन डेट्रॉइटला गेली, हे मला खोपटात ऐकू आलेल्या बोलण्यावरूनच कळलं. माझं बूड गंजत होतं. तेही मला नंतर कळलं.

एका शरद ऋतूत लेंपी आजारी पडली. नळी आवरून आत ठेवायचं कोणाला सुचलं नाही. ती बर्फाखाली गेली आणि जागोजाग फुटली. एप्रिलमध्ये लेंपीने स्टुलावर बसून टोमॅटो आणि झेंडूचं बी डब्यांत पेरलं. बी उगवून आलं आणि ती गेली.

जमीन अजून दगडासारखी गोठलेली होती. हिवाळ्यात गेलेल्या माणसाला आमच्या गावात लगेच माती देता येत नाही. स्मशानाजवळच्या दगडी खोलीत पेटी ठेवतात आणि जमीन सुटण्याची वाट पाहतात. आर्वोनेही पाहिली. सकाळी तो सवयीने दोघांची कॉफी करायचा, एक पेला प्यायचा आणि दुसरा मोरीत ओतायचा. रडताना त्याला कोणी पाहिलं नाही. जेवायला दिलं तर जेवायचा, बस म्हटलं तर बसायचा.

मे महिन्यात जमीन सुटली आणि लेंपीला माती मिळाली. सायमा त्यासाठी आली होती. लाकडं न्यायला ती बापाबरोबर खोपटात आली, तेव्हा त्यांचं बोलणं मी ऐकलं. बापाला ती 'इसा' म्हणते.

"इसा, जूनच्या शेवटी मी तुला न्यायला येते. घराचं तेव्हाच बघू."

"बरं."

"तुझ्यासाठी खोली काढून ठेवली आहे. खिडकीसुद्धा आहे."

"बरं."

"नुसतं बरं बरं काय करतोस? तुला काय वाटतं ते सांग ना."

आर्वोने विचार केला. "काही वाटत नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं.

ती गेली. मग एक दिवस व्हर्ना करंज्या घेऊन आली आणि खिडकीतली रोपं पाहून चिडली. रोपं काचेवर कललेली होती आणि माती डब्याची कड सोडून आत आक्रसली होती. पिण्याच्या पेल्याने तिने त्यांना पाणी दिलं. बाहेरच्या वाफ्यांतला वाटाणा व्हर्नानेच लावला होता, तोही सुकायला आला होता.

"माझा गुडघा गेलाय, माझ्याच्याने पाणी उचलवत नाही," ती म्हणाली. "तू उठ."

आर्वो उठला. नळी फुटलेली पाहिली आणि खोपटात येऊन त्याने मला खिळ्यावरून काढलं. माश्यांचं जुनं घर झटकून टाकलं, मला भरलं आणि निघाला. माझ्या गंजलेल्या बुडातून धार लागली.

"आर्वो, अर्धं पाणी तुझ्या बुटात चाललंय," व्हर्ना कुंपणाशी उभी राहून म्हणाली.

"बरं."

"गार नाही लागत?"

त्याने खाली पाहिलं. "नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मला कामाच्या टेबलावर पालथं घातलं, गंज घासला आणि तापलेल्या लोखंडाने कथलाचा डाग दिला. हे काम त्याच्या हातांना अजून येत होतं. मध्येच त्याचा अंगठा तापल्या पत्र्याला टेकला आणि टेकलेलाच राहिला. कातडी पांढरी झाली तेव्हा त्याने तो काढून घेतला आणि जरा वेळ त्याच्याकडे पाहत बसला. ज्या हातांनी मला घडवलं त्यांत त्या वेळी एक घाई होती. आता ती नव्हती. डाग मात्र पक्का बसला.

जून लागल्यावर व्हर्नाने सांगितलं तसं त्याने टोमॅटो आणि झेंडू बाहेर लावले. काळ्या माश्या कानामागे चावत होत्या, त्याने त्या हाकलल्या नाहीत. रोज सकाळी तो मला भरायचा आणि बुडाशी पाणी घालायचा. रोपं ताठ उभी राहिली. टोमॅटोला पहिली पिवळी कळी दिसली. पिओनीच्या कळ्यांवर मुंग्या फिरू लागल्या.

मग एका संध्याकाळी रेडिओने सांगितलं, रात्री दंव गोठणार. आमच्याकडे जूनमध्येही कधीकधी तसं होतं आणि कोवळी रोपं करपतात. व्हर्ना हातात चादरी घेऊन बागेत आली. आर्वो सौनाच्या पायरीवर बसला होता आणि मी त्याच्या पायाशी होते.

"चादरी काढ घरातल्या," ती म्हणाली. "सगळं झाकायला हवं."

तो उठला नाही. "जातील तर जातील."

"अरे, लेंपीची रोपं आहेत ती."

"लेंपी कुठंय?" आर्वोने विचारलं. आवाज चढला नव्हता. रस्ता विचारावा तसं त्याने विचारलं.

व्हर्ना वाफ्यांकडे वळली. मग दुखरा गुडघा टेकत तिने जवळच्या वाफ्यावर आपल्या चादरी अंथरल्या आणि कडांना दगड ठेवले. लांबच्या वाफ्याला त्या पुरल्या नाहीत. आर्वो पाहत होता.

सकाळी लांबचा वाफा काळा पडला होता. टोमॅटो आणि झेंडू शिजवलेल्या पालकासारखे मातीवर लोळत होते. जवळचा वाफा चादरीखाली हिरवा होता. आर्वोने मेलेली रोपं उपटून खताच्या ढिगावर टाकली. मग मला भरलं आणि जिवंत रोपांना पाणी घातलं. मला पुन्हा भरलं आणि रिकाम्या वाफ्यापाशी आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे जिथे रोप होतं तिथे तिथे थांबत, त्याने पाणी घातलं.

मित्रांनो, मी पुष्कळ गोष्टींवर पाणी ओतलं आहे. कशावरच नाही असं कधी ओतलं नव्हतं. माती पाणी पिते, त्याचा जरासा आवाज होतो, आणि बाकी काही होत नाही.

तो रोज तेच करू लागला. आधी व्हर्नाला वाटलं, याचं लक्ष नाही. मग तिने कुंपणावरून सांगितलं, "आर्वो, तिथं काही नाहीये."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्यानंतर तो रिकाम्या वाफ्याकडे वळला की ती आपल्या घरात जायची.

जूनच्या शेवटी ठरल्याप्रमाणे सायमा आली. गाडीत घडी केलेली खोकी होती, सामान भरायला. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने बापाला पाहिलं आणि रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून ती बाहेर आली.

"इसा, तिथं काय लावलंयस?"

"काही नाही."

"मग पाणी कशाला घालतोयस?"

आर्वो थांबला. मी कललेलीच राहिले, धार चालूच होती.

"मला एवढंच येतं," तो म्हणाला. आणि मला सरळ धरत पुढे, "इथले टोमॅटो मी घालवले. व्हर्ना उठ म्हणत होती. मी उठलो नाही."

 सायमा वळून कुंपणाच्या फाटकातून व्हर्नाकडे गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. ती परत आली तेव्हा कोटाच्या खिशात फरसबीचं बी होतं. ती ओल्या वाफ्यात गुडघ्यांवर बसली, एक बी काढलं आणि थबकली. शहरात राहून तिची सवय गेली होती.

"किती खोल?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?" आर्वो म्हणाला.

"बोटाच्या एका पेराएवढं," कुंपणापलीकडून व्हर्ना म्हणाली. "खाणवाल्याची पोरगी आणि खोल किती विचारते."

सायमा अंगठ्याने बी दाबत पुढे सरकली. आर्वो तिच्या मागून मला घेऊन चालला.  तिच्या पांढऱ्या झग्याला चिखल लागला, तो तिने तसाच राहू दिला.

ती दोन-चार दिवसांसाठी आली होती, पण बी उगवेपर्यंत राहिली. फरसबी उगवते तेव्हा आधी मान बाहेर काढते, डोकं मागून ओढते. आर्वो उकिडवा बसून पाहत होता.

"वाकलेत सगळे," तो म्हणाला.

"होतील सरळ."

"खोकी घेऊन जा तुझी," तो म्हणाला. "याला ऑगस्टपर्यंत पाणी लागेल."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खोकी गाडीत टाकली. "थंडी पडायच्या आत पुन्हा येते," ती म्हणाली. "तेव्हा ऐकायचं माझं."

"तेव्हाचं तेव्हा."

ती गेल्यावर पिओनी फुलल्या. आर्वोने ओंजळभर कापल्या, मला काठोकाठ भरलं आणि गाडीत पायांशी ठेवलं. स्मशानात लेंपीची माती अजून उघडीच होती, गवत धरलं नव्हतं. फुलं ठेवून त्याने माझं पाणी तिथे हळूहळू ओतलं, बुडाशी घालावं तसं. तो रडला का, असं विचाराल. नाही. निदान मला दिसलं नाही. परत येताना मात्र तो गाडी थांबवून उतरला, बूट काढला आणि उलटा केला. जाताना मी त्याच्या बुटात थोडी हिंदकळले होते. "गार आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

मित्रांनो, पत्र्याला दुःख कळत नाही म्हणतात. तसंच असेल. मी शिकवण द्यावी असंही माझ्यात काही नाही. एवढंच मागते. कोणी रोज सकाळी रिकाम्या मातीला पाणी घालताना दिसला, तर त्याला वेडा ठरवू नका, आणि त्याच्या हातातली झारी काढून घेऊ नका. माती ओली आहे तोवर मूठभर बी घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसा.