वाढत्या अंगाचा फ्रॉक

गिऱ्हाइकांचे कपडे शिंपी असे बेतायचा की बोट ठेवायला जागा नसायची. स्वतःच्या लेकीचा फ्रॉक बेतायची वेळ आली, की मात्र गडी बदलायचा. खांदे उतरलेले, बाह्या कोपराखाली, आत चार बोटं दुमड घालूनही घेर घोट्यापर्यंत. पोर बघता बघता वाढते, कापड थोडंच वाढतं, असं तो बायकोला ऐकवायचा. फ्रॉक अंगाला बसेपर्यंत त्याचा रंग उडतो आणि मग त्याचं फडकं करून फरशी पुसावी लागते, असं ती म्हणायची. पण ऐकतो कोण! आपली दूरदृष्टी हिला कळायची नाही, अशी त्याची पक्की समजूत.

यंदा त्याची लेक बिट्टी शाळेच्या कार्यक्रमात नाचणार होती. त्यासाठी नवा निळा फ्रॉक, अर्थात वाढत्या अंगाचा. शिंपी पहिल्या रांगेत ऐटीत बसला. पडदा उघडला. बाकीच्या पोरींचे हात वर गेले, बिट्टीचे गेलेच नाहीत. एका हाताने तिने घेर उचलून धरला होता, दुसऱ्याने घसरता खांदा. पावलं एकही चुकली नाहीत, पण बिचारी सगळा नाच फ्रॉक सांभाळत नाचली. शिंप्याला मान वर करवेना.

परतताना ती मजेत बडबडत होती. मध्येच त्याचं बोट ओढून म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी हातपण वर करीन."

घराकडे न वळता त्याने दुकान उघडलं, तिला स्टुलावर उभं केलं आणि गळ्यातली टेप काढली. पोरीचं माप असं त्याने कधी घेतलंच नव्हतं, सगळा कारभार अंदाजाने. टेप खाली सोडली, तर बिट्टी श्वास रोखून चवड्यांवर उभी.

"हे काय गं?"

"मोठी होतेय. तुम्हाला मोठी लागते ना मी?"

शिंपी हळूच म्हणाला, "टाचा टेक, बाळा. आज आहेस तेवढीच उभी राहा."

तिने टाचा टेकल्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "एवढीशी चालेल?"

त्याने तिला टेपसकट उचलून छातीशी धरलं.