नारिंगी काटा

माझ्या साडूला आमच्या घड्याळ-संग्राहकांच्या मंडळात सगळे पाणबुड्या म्हणतात. पोहता येत नाही, बादलीत तोंड बुडवायलाही घाबरतो, पण मनगटावर खोल समुद्रात उतरणाऱ्यांसाठी बनवलेलं साठ वर्षांपूर्वीचं घड्याळ. जुन्या घड्याळांचा नाद त्याला मीच लावला. वीस वर्षं दुकानं पालथी घालून मला जे मिळालं नाही, ते या आयत्या बिळावरच्या नागोबाला पहिल्याच वर्षी एका भंगारवाल्याकडे सापडलं.

बायको म्हणते, "सख्ख्या साडूवर कशाला जळता?" जळतो. पोटात दुखतं माझ्या, खोटं कशाला बोलू?

पण चार वर्षांपूर्वी मला त्यावर औषध सापडलं. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात त्याच घड्याळाची रंगीत जाहिरात होती. पाण्याखालचा माणूस, पुढे केलेलं मनगट आणि सेकंदाचा काटा नारिंगी. साडूच्या घड्याळात पांढरा. म्हणजे कुणीतरी मध्येच बदललेला, आणि आम्हा संग्राहकांच्या लेखी असा बदल म्हणजे घड्याळाला बट्टा. जाहिरात मी कपाटात दडवली. तो मिरवायला लागला की मनात म्हणायचो, मिरव लेका, मिरव.

या रविवारी मंडळाचं प्रदर्शन होतं आणि मधल्या काचेत त्याचंच घड्याळ. माझं डोकं फिरलं. तसाच घरी जाऊन कपाटातली जाहिरात आणली, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "काटा बघा."

अध्यक्षांनी भिंग लावलं, मान हलवली आणि घड्याळ काचेतून बाहेर काढलं. मी साडूच्या तोंडाकडे बघत होतो. याच क्षणासाठी तर थांबलो होतो.

"दादा, ही कधी मिळाली तुम्हाला?" त्याने विचारलं.

"झाली चार वर्षं."

"मी तर दर महिन्याला विचारत होतो, याची जाहिरात कुठे दिसली का म्हणून."

 

त्याने खुर्ची ओढली, जाहिरात दोन्ही हातांनी उचलली. काट्याकडे एकदा पाहिलं असेल, नसेल. मग पाण्याचा निळा रंग, वर जाणारे बुडबुडे, खालची बारीक अक्षरं, सगळं सावकाश बघत बसला. घड्याळ बाजूला तसंच पडून होतं.

"किती सुंदर आहे हो," तो म्हणाला.

चार वर्षं ती माझ्याकडे होती. मी तिच्यात काट्यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं. आणि तेव्हाही, देवाशपथ, मला त्याचा हेवाच वाटला.