गिरजेला विचारा, मी सापडेन

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. चंद्रपूरच्या एका बांगडीवाल्याच्या घरात, शिलाई मशीनच्या शेजारी, कशिद्याचं कापड पांघरून बसलो आहे. एके काळी माझा रंग पांढरा होता, हे आता कोणाला खरं वाटणार नाही.

माझा एकेक अवयव एकेका ठिकाणचा. संगणक दुरुस्त करणाऱ्या जाहिदभाईंनी २००५ साली ते जमवले, स्क्रू पिळले आणि मला उभं केलं. माझे मालक गुलाम रसूल आठवडी बाजारांत बांगड्या विकतात. त्यांनी मला मुलीसाठी, तहसीनसाठी घेतलं. पहिल्या दिवशी तिने मला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं, इतके लाड केले. दर शुक्रवारी ती मऊ कापडाने माझी धूळ पुसायची.

तिची आई नजमाबाई. मोठ्या तापात त्यांचे कान गेले. बोलता उत्तम येतं, ऐकू मात्र काहीच येत नाही. गोंडपिपरीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्यामुळे वाचता झरझर येतं. दुसऱ्या वर्षी तहसीनला आरमोरीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली, तेव्हा घरात मोठा प्रश्न उभा राहिला. नजमाबाई दिवसभर एकट्या. त्या म्हणाल्या, "जा, पण रोज माह्यासंग बोलत जा. नाई बोलली तर वापस ये."

बोलायचं कसं? घरात तारेचा फोन होता, त्याच्याच तारेवरून मला इंटरनेट मिळायचं, पण फोनवरचं त्यांना ऐकू येणार नाही. घरात एकच मोबाईल, तो गुलामभाईंच्या खिशात बसून बाजार फिरायचा आणि त्याला मराठी अक्षरं येत नव्हती. मग तहसीनने माझ्यात एक सोय बसवली. आरमोरीच्या इंटरनेट कॅफेत बसून तिला माझा पडदा दिसायचा आणि त्यावर लिहिता यायचं. माझ्या बटणांवर तिने मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता पडद्यावरचा बाण आपोआप हलला. नजमाबाईंनी खुर्ची दोन हात मागे सरकवली. मग अक्षरं उमटली, 'अम्मी, मी तहसीन. जेवली काय?' नजमाबाई पुढे वाकल्या आणि एका बोटाने उत्तर शोधू लागल्या. 'हो' एवढं लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पण माझ्यात एक खोट होती. इंटरनेटवर माझा पत्ता म्हणजे आकड्यांची एक ओळ, आणि ती कायमची नव्हती. वीज गेली की जोडणी तुटायची. परत जोडली की मला नवेच आकडे मिळायचे. आमच्या जिल्ह्यात वीज तयार होते आणि आमच्याच गल्लीत भारनियमन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! गुलामभाई सकाळी बाजाराला निघण्याआधी ते आकडे फोनवर तहसीनला वाचून दाखवायचे. बांगडीची मापं सांगायची सवय, म्हणून मधली टिंबं गाळायचे. पोरीला टिंबं कुठे द्यायची ते तीनतीनदा विचारावं लागायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर भारनियमन वाढलं. एके दिवशी बारा वाजता वीज गेली, दीडला आली. नजमाबाईंनी मला सुरू केलं, समोर बसल्या. मी जागा होतो, धडधाकट होतो, पण माझा पत्ता बदलला होता आणि तहसीन आरमोरीतून जुन्या दारावर टकटक करत होती. शेवटी शेजारपाजारचं कोणी ऐकेल या आशेने तिने घरच्या फोनवर घंटी दिली. फोन नजमाबाईंच्या कोपराशीच होता. तो वाजत राहिला, त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

लागोपाठ तीन दिवस असंच झालं. तिसऱ्या संध्याकाळी गुलामभाई फोनवर म्हणाले, "बेटा, रविवारी सामान घेऊन ये. तुही अम्मी खाऊन नाई राह्यली. शिक्षण राहू दे."

रविवारी तहसीन पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटी दाराशी ठेवून ती थेट माझ्यासमोर येऊन बसली. जाहिदभाई आले होते, तेही मान खाली घालून. माझ्यामुळे एका पोरीचं शिक्षण मोडतंय, या विचाराने मला फार वाईट वाटत होतं. काय घोळ आहे ते तहसीनने कागदावर लिहून आईला दाखवलं.

नजमाबाईंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "तुह्या अब्बाची जागा दर बाजारी बदलते. कधी पिपळाखाली, कधी मच्छीवाल्याइच्या मांगं. बाया त्याइले ढुंढत फिरतात काय? बाजाराच्या तोंडाशी मीठवाली गिरजा बसते, तिची जागा पक्की. हे गेले की पयले तिले सांगतात, आज इथी बसलो. मंग बाया तिलेच विचारतात. तुह्या मशीनसाठी अशी कोणी गिरजा नाई काय?"

जाहिदभाईंनी मान वर केली. "आहे न, भाभी. माह्या ध्यानातच नाई आलं."

त्यांनी मला एका अशा ठिकाणी नोंदवलं, जिथे माझं नाव कायम एकच राहणार होतं. आकडे बदलले की ते मी स्वतःच तिथे कळवायचे. तहसीनने फक्त नाव विचारायचं. नाव काय ठेवायचं, हा प्रश्नच नव्हता. गिरजा.

"एक हप्ता पाहू," गुलामभाई म्हणाले. तहसीन पेटी घेऊन परत गेली. अम्मी सांगेपर्यंत पेटी उघडायची नाही, असं ठरलं.

बुधवारी साडेबाराला वीज गेली. दोनला पाच मिनिटं कमी असताना आली. नजमाबाईंनी बटण दाबलं. मला नवे आकडे मिळाले आणि मी दुसरं काहीही करायच्या आधी ते गिरजेच्या दारात सांगून टाकले. दोन वाजले. दोन वाजून चार मिनिटं झाली. नजमाबाईंनी पदराने पडदा पुसला. मग बाण हलला.

'अम्मी, जेवली काय?'

माझा जीव भांड्यात पडला. नजमाबाई एका बोटाने अक्षरं शोधत होत्या, चुकत होत्या, पुसत होत्या. दहा मिनिटांनी ओळ पूर्ण झाली.

'आता जेवतो. तू पेटी खोल.'

मित्रांनो, तहसीन आता गोंडपिपरीला नर्स आहे. गुलामभाईंनी बाजारात गिरजाबाईंना हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग त्या मशीनले मीठ लागलं तं मलेच सांगजा." आता मोबाईलमध्ये मायलेकी एकमेकींची तोंडं बघत बोलतात, तहसीन चिठ्ठी लिहून पुढे धरते. कित्येक वर्षांत मला कोणी सुरू केलेलं नाही. भंगारवाला दोनदा दाराशी येऊन गेला. दोन्ही वेळा नजमाबाईंनी त्याला हाकलून लावलं.

तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात बसलं असेल, तर त्याची धूळ तेवढी पुसत जा. आणि शिकायला, कामाला कुठेही गेलात, आज इथे, उद्या तिथे राहिलात, तरी पोचल्या पोचल्या एका माणसाला कळवत जा. घरी कोणीतरी ताट झाकून बसलेलं असतं.