बसायला आली मावशी

मी डावा बोलतोय. बर्फावरच्या हॉकीच्या बुटांच्या जोडीतला डावा. उजवाही इथंच आहे, पण तो पहिल्यापासून मुखदुर्बळ, त्यामुळे घरातली लक्तरं बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. तशी आम्हा दोघांनाही जीभ आहे. पण ती नाड्यांखाली पायावर पांघरायची, बोलायला उपयोग शून्य. नाहीतर पुढची फजिती झालीच नसती.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा ताठा काय विचारता! बाहेरून टणक कवच, आतून गादी, खाली पोलादी पातं. पाय कुणाचाही असो, मी वाकणार नाही. हा माज उतरवायला दुकानात एक छोटी भट्टी असते. तिच्यात आम्हाला तापवतात, मऊ पडलो की गरमागरमच पायात चढवतात, नाड्या आवळतात, आणि निवेपर्यंत तो पाय जसा असेल तसे आम्ही होऊन जातो. अट एकच, तेवढा वेळ गप बसायचं. उभं राहिलं की आकार बिघडलाच.

मला घेतलं होतं एका शाळकरी पोरीसाठी. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती जेवतानासुद्धा एका जागी ठरत नसे. शहराच्या संघाची निवड त्याच आठवड्यात होती. जुने बूट तिला होत नव्हते, आणि ही निवड हुकली तर थेट पुढच्या वर्षी. पोरीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

दुकानवाल्या काकांनी तिच्या आईला फोन केला. ‘‘बूट आलेत, ताई. तापवून देतो. पण बसायला लागेल हं पंधरा-वीस मिनिटं. मधे उठून चालणार नाही.’’

‘‘बसायलाच ना? पाठवते की,’’ आई म्हणाली.

भिंगरी शाळेत होती. मग आईनं कुणाला पाठवावं? आपल्या धाकट्या बहिणीला! तिच्या आणि भिंगरीच्या पायाचा नंबर एक, आणि बसण्यात मावशीचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं.

मावशी दुकानात आली, ऐसपैस बसली. काकांना वाटलं, खेळणारी हीच. ते खूश होऊन म्हणाले, ‘‘या वयात हे करताय, कौतुक आहे तुमचं!’’ आता कौतुकाला ‘नको’ म्हणणाऱ्यातली मावशी नव्हे. ‘‘घरच्यांसाठी करावं लागतं हो,’’ म्हणाली आणि पाय पुढे केला. मी आपला भट्टीतून निघालेला, लोण्यासारखा मऊ. तिच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, टाच चांगली रुंद. मी सगळं मनापासून टिपून घेतलं. मावशी फोनवर साऱ्या नातेवाइकांची उणीदुणी काढत होती, पण जागची हलली नाही. मला तर हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सरावाला आई आणि मावशीही आल्या होत्या. भिंगरीनं आम्हाला पायात घातलं. टाच आत सैल, घोटा कचकचून धरलेला. चार पावलं सरकली आणि धप्पकन आपटली. परत उठली, परत आपटली.

‘‘आई गं! हे माझे नाहीतच!’’

‘‘असे कसे नाहीत? मावशी बसली होती ना!’’

‘‘मावशी? अगं, ज्याचे बूट त्यानं बसायचं असतं!’’

‘‘मग नीट सांगायचं त्यांनी. बसायला लागेल म्हणाले, मी बसायला पाठवली.’’

‘‘मी तर कणभर हलले नाही बाई,’’ मावशी म्हणाली. तिचा चेहरा मात्र पडला होता.

सगळी वरात दुकानात आली. काकांनी आधी कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसले आणि मग मला उलटासुलटा करून पाहिलं. ‘‘पुन्हा एकदा तापवू शकतो. पण शेवटचं. त्यानंतर गोंद सुटेल आणि बूट कामातून जाईल.’’

आता हसायची पाळी माझी नव्हती. भट्टीतून निघालो तेव्हा शिवण न् शिवण घाबरली होती. भिंगरी बसली. आईनं एक गुडघा दाबून धरला, मावशीनं दुसरा. जन्मात स्वस्थ न बसलेली ती पोर दातावर दात रोवून बसली, आणि खाली वाकून मला पुटपुटली, ‘‘धर ना रे नीट.’’ इतक्या लाडानं मला कुणी कधी बोललं नव्हतं. मी तिला धरलं. अगदी करंगळीपर्यंत.

निवडीच्या दिवशी भिंगरी अशी पळाली की तिची आई खुर्चीवर चढून ओरडत होती. संघात नाव लागलं. त्या रात्री तिनं मला उशाशी घेतलं, तेही पुसून वगैरे नव्हे, तसंच ओलं.

त्याला आता वर्ष होत आलं. पोर वाढतेय. तिची बोटं पुढे टेकायला लागलीत, अंगठ्याचं नख काळं पडलंय. मी मुद्दाम करत नाही हो, देवाशपथ! आई विचारते, ‘‘टोचत नाहीत ना गं?’’ तर ही म्हणते, ‘‘छे, मस्त आहेत,’’ आणि मोज्याखाली कापूस कोंबते. तिला मला सोडवत नाही, आणि मला ढिलं होता येत नाही. तुम्ही तरी तिच्या आईला एवढं सांगा. म्हणावं, डावा म्हणतो, पोरीला नवे बूट घ्या.