सहा बोल्टांवरची पिवळी रेघ

रविवारी सकाळी अकरा चाळीसला, सराव चालू असतानाच, रोडा व्हँडरमोलेनची दोन दारांची निळी कूपे गाडी दोरीला बांधून ट्रॅकवरून ओढत आणली गेली. इंजिन उत्तम चालत होतं, गिअरही पडत होता, पण गाडी जागची हलत नव्हती. टॅमरॅक लेकच्या या ट्रॅकवर मोसमातली शेवटची शर्यत दुपारी दोन चाळीसला सुटणार होती.

रोडाचा थोरला भाऊ लाइल गाडीखाली सरकला. मागच्या डाव्या चाकाला ताकद पोचवणारा ड्राइव्हशाफ्ट, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या चकतीपासून सुटून खाली लोंबत होता. तो सहा बोल्टांनी धरलेला असतो. त्यातले चार कापले गेले होते आणि दोन वाकून कसेबसे चकतीत अडकले होते.

"काय झालंय?" रोडाने वाकून विचारलं.

"बोल्ट गेलेत."

"मीच घालवले. चौथ्या वळणावर कडेच्या उंचवट्यावर चढले मी. दाणकन आवाज आला होता."

लाइल त्या दोन बोल्टांकडे बघत होता. दोन्हींच्या डोक्यांवरून चकतीवर उतरणारी पिवळी रेघ सरळ होती. ती रेघ त्यानेच ओढलेली. ठरलेला जोर लागला की टक् वाजणाऱ्या टॉर्क रेंचने बोल्ट शेवटपर्यंत आवळला की त्यावर रंगाची रेघ मारायची, म्हणजे पुढे तो सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, हा या धंद्याचा रिवाज. त्याने बोल्टाला पाना लावला. जराही जोर न लावता बोल्ट पाव फेरा आवळत गेला आणि रेघ तुटली.

म्हणजे बोल्ट सैल झालेला नव्हता. तो कधी आवळलाच गेला नव्हता.

लाइलला गुरुवारची संध्याकाळ आठवली. गाडीखाली पडल्या पडल्या त्याने सगळे बोल्ट छोट्या पान्याने बसवले होते. टॉर्क रेंच पलीकडच्या टेबलावर होता, गुडघा दुखत होता आणि रंगाचा पेन हातात होता. पुन्हा खाली शिरायला नको म्हणून त्याने रेघा आधीच मारून टाकल्या. तेवढ्यात फोन वाजला. रोडाच होती, तंबू आणू का म्हणून विचारत होती. बोलून झाल्यावर त्याने गाडी जॅकवरून उतरवली. ग्रँड रॅपिड्सच्या गॅरेजात एकतीस वर्षं तो नव्या माणसांना एकच गोष्ट बजावत आला होता : रंग शेवटी.

त्याने ते दोन बोल्ट काढले आणि खिशात टाकले.

रोडा अठ्ठावन्न वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर तिची गाडी उलटली तेव्हा क्लबने तिचं लायसन्स काढून घेतलं होतं. यंदा ते एका अटीवर तात्पुरतं परत मिळालं : मोसमात चार शर्यती पूर्ण करायच्या, नंबर कितवाही चालेल. तीन झाल्या होत्या. आज चौथी हुकली तर लायसन्स रद्द होणार होतं, आणि तात्पुरतं लायसन्स दुसऱ्यांदा मिळत नसे.

तुटलेल्या चार बोल्टांचे तुकडे चकतीच्या आत राहिले होते. तीन टोच्याने फिरवले तसे सहज बाहेर आले. चौथा वेडावाकडा रुतून बसला होता. साडेबारापर्यंत लाइलने त्यावर दोन ड्रिल मोडले.

शेजारच्या दुरुस्तीच्या पिटमधला ड्वेन हॅस्केट सफरचंदाच्या सायडरचा डोनट खात येऊन उभा राहिला. त्याच्याकडे याच जातीची गाडी होती आणि आज त्याची गाठ रोडाशीच होती.

"लाइल, दात काढतोयस की बोल्ट?"

"जीभ आवर आणि वेल्डिंगचं मशीन आण."

"आणतो की. पण रोडा, आज मी तुला मागे टाकलं तर मशीनला दोष देऊ नकोस."

"तू मला मागे टाकशील त्या दिवशी मी ट्रक चालवायला घेईन," रोडा म्हणाली, पण तिच्या आवाजात दम नव्हता.

ड्वेनने मशीन आणलं आणि आपल्या पेटीतून नव्या बोल्टांचं पाकीटही आणलं. लाइलने रुतलेल्या तुकड्यावर एक नट वेल्ड केला आणि पान्याने फिरवला. वेल्ड तुटला. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. त्याने तुकडा घासून स्वच्छ केला आणि दुसरा नट लावला. या वेळी लाल झालेलं लोखंड निवायची वाट पाहत तो दोन मिनिटं नुसता पडून राहिला. मग पाना हळूहळू पुढे-मागे केला. तुकडा किंचाळत फिरला आणि बाहेर आला.

"निघाला बाबा!" ड्वेन ओरडला.

पण लाइलच्या मनात आता उजवी बाजू होती. तिकडचे सहा बोल्टही गुरुवारचेच होते, रेघाही तशाच मारलेल्या. रोडा कॉफीला गेली की तिकडे पाना लावून घ्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण दीड तासात रोडा गाडीपासून हलली नव्हती. तिच्यासमोर उजवीकडे हात घातला असता तर तिने कारण विचारलं असतं.

एक पस्तीसला त्याने डावीकडचे नवे बोल्ट हाताने बसवले. रोडा टायरवर बसली होती. शर्यतीचा पोशाख तिने कमरेपर्यंत उतरवला होता.

"नको लाइल, राहू दे," ती म्हणाली. "मी क्लबच्या मिसेस ऑस्ट्रँडरना सांगून येते, माघार घेतेय म्हणून."

"गाडी तयार होतेय."

"गाडी होईल. मी नाही. आधी उलटवली, आता मोडली. तो उंचवटा मला दिसत होता, तरी चढले मी. लोक म्हणतात ते खरंय, हातात राहिलं नाही आता." ती उठली. "बरं झालं, सोक्षमोक्ष लागला."

ती दहा-बारा पावलं पुढे गेली. लाइलने तिला जाऊ दिलं असतं तर कुणाला काहीच कळलं नसतं.

"रोडा, थांब."

त्याने खिशातले दोन बोल्ट काढून तिच्या हातात ठेवले.

"उंचवट्याने नाही मोडले. मी आवळलेच नव्हते. आधी रेघा मारल्या, मग तुझा फोन आला, आणि राहून गेलं. सैल चकतीत बोल्ट कापलेच जातात."

रोडाने बोल्ट तळहातावर फिरवून बघितले.

"तुला कधी कळलं?"

"बारा वाजायच्या आत."

"आणि पावणेदोन वाजेपर्यंत मी स्वतःला दोष देतेय ते तू ऐकत बसलास."

"हो."

"आणखी काय आहे?"

"उजवी बाजू. तीही नाही बघितली मी."

रोडाने पोशाखाच्या बाह्या चढवल्या, टॉर्क रेंच उचलला आणि स्वतः गाडीखाली शिरली. डावीकडून सहा वेळा टक् असा आवाज आला. मग ती उजवीकडे सरकली. पहिला बोल्ट फिरला. दुसरा फिरला. सहापैकी पाच फिरले. लाइल बाहेर उभा राहून मोजत होता.

"पेन," खालून आवाज आला.

त्याने पेन दिला. बारा रेघा मारून ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुळीने आणि ग्रीसने माखला होता. दोन वीसला मिसेस ऑस्ट्रँडर तपासणीला आल्या. त्यांनी टॉर्च मारून रेघा पाहिल्या.

"कुणी आवळले?"

"मी," रोडा म्हणाली.

"लाइल असताना तुम्ही कशाला?"

"तो दमलाय."

शर्यत वीस फेऱ्यांची होती. रोडा सर्वांत मागून निघाली. प्रत्येक फेरीला ती चौथ्या वळणावर आली की लाइल श्वास रोखून बोल्ट तुटल्याच्या आवाजाची वाट पाहायचा. बाराव्या फेरीत निळी गाडी वेळेवर दिसली नाही. चार सेकंद गेले, पाच गेले, तेव्हा ती एका घसरलेल्या गाडीला वळसा घालून पुढे आली. चौदांत तिचा नंबर अकरावा लागला. ड्वेन नववा आला.

मिसेस ऑस्ट्रँडरनी रोडाच्या लायसन्सच्या कार्डावर चौथ्या शर्यतीची सही केली. ड्वेन लांबूनच ओरडला, "ट्रक चालवायला शिक आता!" रोडा हसत त्याच्याकडे गेली आणि तिने त्याला मिठी मारली.

लाइल हत्यारं पेटीत भरत होता. त्याने पेनासाठी हात पुढे केला. रोडाने पेन खिशातून काढला नाही.

संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढवली. लाइलने चारही चाकांचे पट्टे आवळले आणि तो ट्रकच्या दाराकडे वळला. मागे पावलं वाजली म्हणून त्याने वळून पाहिलं. रोडा ट्रेलरभोवती फिरत एकेक पट्टा ओढून बघत होती. चौथा बघून होईपर्यंत तो दारापाशी उभा राहिला.