पेशंटसोबत कोण आहे?

"पेशंटसोबत कोण आहे?" सिस्टरने दारातून विचारलं आणि माझे दीर, बुधाजी भाऊजी, उठून उभे राहिले. मी तिथेच बसले होते, चार दिवसांची न झोपलेली, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. पण "कोण आहे" म्हणजे पुरुष माणूस कोण आहे, हे दवाखान्यात वेगळं सांगावं लागत नाही.

उद्या सकाळी यांची, म्हणजे उत्तमरावांची, अँजिओप्लास्टी. दुसऱ्यांदा. आठ महिन्यांपूर्वी अकोल्यात हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता. तोच बुजला म्हणून अमरावतीला पाठवलं. अकोल्यात स्टेंटच्या वेळीही आदल्या दिवशी सगळी माहिती दिली ती भाऊजींनाच, चांगला अर्धा तास. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "काई नाई वहिनी, तेल कमी करा अन् गोळ्या देत जा."

मी देत गेले. बार्शीटाकळीजवळच्या अंगणवाडीत सव्वीस वर्षं काढली, वेळ पाळणं मला कुणी शिकवू नये.

मग भादव्यात यांचे डोळे पिवळे झाले. आमच्याकडे कावीळ झाली की आधी झाडपाल्याचं औषध, मग डॉक्टर. शेजारच्या गावचे एक म्हातारे नऊ दिवसांचं औषध देतात आणि त्याचं परहेज कडक: तेल नाही, हळद नाही, दुसरी कोणतीच दवाई पोटात नाही. मी परहेज पाळायचं म्हटलं की पाळते. गोळ्यांचा डबा उचलून कपाटावर ठेवला. आठव्या दिवशी यांच्या छातीत कळ आली.

"गोळ्या चुकल्या का?" अकोल्यात डॉक्टरांनी विचारलं.

"एक बी नाई साहेब," भाऊजी म्हणाले. त्यांना काय माहीत! मी पिशवीचा बंद पिळत गप्प राहिले. भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

आता इथेही भाऊजी निघाले. या वेळी त्यांच्यामागून मीही गेले. सिस्टरचा घसा दिवसभर बोलून बसलेला. टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय पुढे ओढून ती सांगू लागली. मनगटातून नळी जाईल, औषध सोडल्यावर अंगात गरम वाटेल, घाबरायचं नाही. भाऊजींचं दर वाक्याला "हो म्याडम".

अंगणवाडीत मीही अशीच बोलत आले. गरोदर सून समोर बसलेली आणि मी लोहाच्या गोळ्या समजावतेय तिच्या सासूला. अशा किती जणी माझ्यासमोरून उठून गेल्या असतील, कोण जाणे.

"आधीच्या गोळ्या नियमित होत्या ना?"

"हो म्याडम."

"नव्हत्या," मी म्हणाले. "आठ दिवस मीच बंद केल्या होत्या. काविळीच्या औषधापायी."

सिस्टरने मान वर केली. "रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नसते, मावशी. सांगितलं नव्हतं कुणी?"

"मले सांगतलं होतं," भाऊजी खाली पाहत म्हणाले. "मी भुललो."

सिस्टरने लगेच डॉक्टरांना फोन केला. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. थकलेल्या आवाजात, पण सगळं. शेवटी माझ्या पिशवीतून त्या गोळीची पट्टी काढून तिच्यावर पेनाने मोठी खूण केली.

वॉर्डात आले तर हे छताकडे पाहत पडलेले. "काय म्हने सिस्टर?"

मी खाटेवर टेकले आणि सांगितलं. मनगट, नळी, गरम वाटणं, गोळी. मग कपाटावरच्या डब्याचंही सांगितलं.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागतील.

"तवा मले इचारलं असतं, तं मी बी बंदच करा म्हटलं असतं," ते म्हणाले. "मले कोनं सांगतलं होतं? दुसऱ्यांदा नळी घालून राहिले माह्या अंगात, अन् मले आज समजून राह्यलं."

त्यांनी हात पुढे केला.

"थे गोळी दाखव."

मी पट्टी त्यांच्या हातात दिली. ते आठ दिवस सोडले तर आठ महिने रोज मी गोळी सोलून त्यांच्या तळहातावर ठेवत आले होते. पट्टी त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.