देवमनचा उजेडाचा डबा

“अवो, सारी जत्रा तिकडं पळून राह्यली अन् तुमी त्या डब्याले पुसत काय बसले?” देवमनची बायको गंगू कावली.

देवमनने फडकं बाजूला ठेवलं. शेलूबाजारच्या जत्रेत त्याच्या डब्यापुढे उभं राहायला जागा मिळायची नाही. आणि आज? आज चिटपाखरू नव्हतं.

तसा तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. पण रेडिओ काय रोज थोडेच बिघडतात? रिकाम्या हातांनी त्याने चहाच्या खोक्याच्या फळ्या, टॉर्चचे बल्ब, खेळण्यातली मोटार आणि ट्रकची जुनी बॅटरी जमवली आणि स्वतःच्या डोक्याने खेळ बनवला. दोन गडी समोरासमोर बसायचे. मधल्या ओळीतले बल्ब एकामागून एक पेटत उजेड आपल्याकडे यायचा. शेवटच्या बल्बवर आला की बटण दाबून तो परतवायचा. चुकला तो हरला. पण खरी गंमत पुढेच. खेळाआधी देवमन डब्याच्या दोन्ही टोकांना खडूने गड्यांच्या गावांची नावं लिहायचा. मग काय विचारता! इकडे अनसिंग, तिकडे धनज, आणि बघ्यांच्या बोंबा पार रस्त्यापर्यंत.

यंदा मात्र गंगूने निक्षून सांगितलं होतं, “ह्या जत्रेत डबा चालला तं ठीक. नाईतं मोडा त्याले, अन् माह्या भावासंग कापसाच्या जिनिंगात कामाले लागा.” देवमनने खुशाल शब्द दिला होता. डबा चालणार नाही, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि नेमका यंदाच अकोल्याचा दौलतसिंग तंबू ठोकून बसला. त्याच्याकडे टीव्ही होता. इथल्या कितीकांनी टीव्ही उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यातून मेहुण्याने दुबईहून आणलेली एक पेटी त्याला जोडली की काचेवर खेळ चालायचा म्हणे. बाहेर जनरेटर धडधडत होता.

“मी जरासा पाहून येतो,” देवमन उठला.

“त्याच्या दारात जाता? लाज नाई वाटत?”

“अवं, काय हाय ते पाह्यलं तं पाह्यजे नं!”

राग नव्हता असं नाही. चांगला धगधगत होता. पण कुतूहलापुढे देवमनच्या रागाचं कधी काही चाललंच नाही.

आत जाऊन पाहतो तर काय, त्याचाच खेळ! दोन गडी, दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये उजेडाचा एक ठिपका टोलवला जातोय.

“बल्ब कुठी हायेत याचे?”

“बल्ब नाई, भाऊ. असंच चालते,” दौलतसिंग म्हणाला.

देवमन टीव्हीच्या मागे जाऊन डोकावला. खाली वाकला. काचेला पार नाक लावून आला. बल्ब नाही आणि उजेड चालतोय! “अन् हा तिरपा कसा जाते हो? माहा तं सरळच जाते.”

“मले काय मालूम? बाजूले सर, लोकांयले दिसू दे.”

पण लोक जांभया देऊ लागले होते. नवल ओसरलं होतं. “कोन हारलं?” एका म्हाताऱ्याने विचारलं. “कोन जाने,” दुसरा म्हणाला, आणि दोघं बाहेरच्या वाटेला लागले.

देवमनने हे पाहिलं. अहो, नुसता गप्प उभा राहिला असता, तर ही गर्दी आपसूक त्याच्या डब्याकडे वळली असती! पण एवढा सुरेख खेळ असा मुका चाललेला त्याला बघवेना. हात खिशातल्या खडूकडे गेला. “गाव कोनतं रे तुमचं?” त्याने खेळणाऱ्यांना विचारलं, आणि टीव्हीच्या लाकडी पेटीवर एका बाजूला ‘अनसिंग’, दुसऱ्या बाजूला ‘धनज’ लिहिलं.

तंबू दणाणला. गेलेले लोक परत फिरले. दौलतसिंगने “वा रे पठ्ठे!” म्हणत त्याच्या हातातला खडू काढून घेतला. देवमनला त्याचंही भान नव्हतं. तो स्वतःच ओरडत होता, “मार, धनज, मार!”

तो डब्यापाशी परत आला.

“कायचा गलका हाय तिकडं?” गंगूने विचारलं.

“गावांची नावं लिवली म्या.”

“कोनाच्या खेळावर?”

देवमनने तंबूकडे बोट दाखवलं. मग गंगू बोलली, भरपूर बोलली. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा असा माणूस पंचक्रोशीत नसेल, असं म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

“लय चांगला खेळ हाय, गंगू,” तो एवढंच म्हणाला. “मुका होता बिचारा.”

दिवस कलला तरी एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. शब्द दिला होता; देवमनने डबा मोडायला पेचकस घेतला.

“थांबा,” गंगू म्हणाली आणि समोरच्या पाटावर जाऊन बसली. इतक्या जत्रा झाल्या, पण त्या बटणाला तिने कधी बोट लावलं नव्हतं. “माह्याकडून धनज लिवा.” धनज तिचं माहेर.

खडू दौलतसिंगकडे राहिला होता. गंगूने कमरेची चंची सोडली आणि चुन्याची डबी पुढे केली. देवमनने बोटाने तिच्या बाजूला ‘धनज’ लिहिलं, आपल्या बाजूला ‘शेलूबाजार’.

उजेड गेला, आला, पुन्हा गेला. गंगू दात-ओठ खाऊन बटण दाबत होती. तिकडे तंबूत आरोळी उठली, आणि गंगूकडे बघता बघता देवमनच्या टोकाचा बल्ब पेटून विझला.

“हारले तुमी.”

“व्हय,” देवमन म्हणाला. “हारलो.”

मग त्याने बॅटरीची वायर सोडवली आणि एकेक बल्ब काढून गंगूच्या ओटीत ठेवला. बोटाचा चुना अजून ओला होता. तो त्याने धोतराला पुसला.